ओंजळभर पाण्याचा हक्क

'हक्क' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. तो अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथलाच झाला. अरबीत 'हक' म्हणजे सत्यसुद्धा. हक्क ही कोणाची मेहेरबानी नव्हे, माणसाबरोबर जन्मलेले ते सत्य आहे, असा अर्थ मला त्यात दिसतो.

मानवी हक्कांचा इतिहास सांगताना आपण १७८९ सालच्या फ्रेंच जाहीरनाम्याकडे आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या जाहीरनाम्याकडे बोट दाखवतो. या दोहोंच्या मध्ये आपले महाड येते, ते मात्र विसरतो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद ठरली. तिला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाबासाहेबांनी तिथे फ्रान्सच्या १७८९ सालच्या राष्ट्रसभेची आठवण करून दिली आणि परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. संयुक्त राष्ट्रांच्या आधी २१ वर्षे!

फत्तेखानांचे नाव मी अभिमानाने घेतो. पण एक गोष्ट बोचते. त्या तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. आमची माणसे तिथे पाणी भरू शकत होती आणि त्याच गावच्या अस्पृश्याला पाण्याला हातही लावता येत नव्हता. आपली घागर भरली की शेजाऱ्याची तहान दिसत नाही. हा दोष कोणा एका धर्माचा नाही. तो माझ्यातही आहे.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. बोले यांच्या ठरावापासून या निकालापर्यंत जवळपास १४ वर्षे गेली. म्हणून १० डिसेंबरला मानवी हक्क दिन येतो तेव्हा 'माझे हक्क कोणते?' हे जरूर विचारावे. पण आपल्या गावात आजही कोणाला कुठल्या पाणवठ्यावर अडवले जाते, हे त्याआधी विचारावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)