मृत संगीतकाराची दाद

पारितोषिकांच्या निवडीवरून रसिकांनी वाद घालावा, ह्यात नवल नाही. परंतु ज्याच्या पदरी पारितोषिक पडले त्यानेच दुसऱ्याकरिता दाद मागावी, असे क्वचित घडते. १९७३ साली फिल्मफेअर पारितोषिकांच्या वेळी ते घडले.

कमाल अमरोही ह्यांचा ‘पाकीझा’ ४ फेब्रुवारी १९७२ रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रगृहात प्रदर्शित झाला. त्यातील गाण्यांना चाली देणारे गुलाम मोहम्मद १९६८ सालीच निवर्तले होते. पार्श्वसंगीत नौशाद ह्यांनी पुरे केले. संगीतासाठी ‘पाकीझा’चे नामांकन झाले, पारितोषिक मात्र ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन ह्यांस मिळाले. ‘बेईमान’ला एकंदर सात पारितोषिके लाभली. त्यांतलेच एक साहाय्यक अभिनेत्याचे, प्राण ह्यांचे. त्यांनी ते नाकारले. गुलाम मोहम्मदांना डावलले, हेच त्यांचे कारण.

काही दावे पक्षकाराबरोबरच संपतात, हे आम्हां वकिलांच्या नित्य परिचयाचे. येथेही तेच झाले असे कोणी म्हणेल, तर जयकिशनदेखील सप्टेंबर १९७१ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाला मृत्यूची आडकाठी आली नाही. मग गुलाम मोहम्मदांचा दावा गुणांवर फेटाळला गेला, असेच मानावे लागते; आणि तो निर्णय आम्हांस चुकीचा वाटतो.

नायिका मीनाकुमारी ३१ मार्च १९७२ रोजी गेल्या. त्यांचेही नामांकन झाले होते. पारितोषिक ‘सीता और गीता’तील दुहेरी भूमिकेसाठी हेमा मालिनी ह्यांस मिळाले. त्या निवडीस मात्र आमची हरकत नाही.