गेटच्या आत, गेटच्या बाहेर: जवाहरनगर आणि भोवतालची गावे

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत. नागपूर-भंडारा महामार्गावरील ठाणा पेट्रोलपंपाच्या थांब्यावर उतरले की एका बाजूला धानाच्या बांध्या आणि गावे, तर दुसऱ्या बाजूला निर्माणीची हद्द. 1960 च्या दशकात देशातील संरक्षण उत्पादन वाढवण्यासाठी वरणगाव, अंबाझरी आणि भद्रावती येथे कारखाने उभे राहिले. भंडाऱ्याचा कारखाना त्याच पिढीतला. येथे तोफा-बंदुकांचे प्रणोदक आणि स्फोटके तयार होतात. अशा कारखान्यात इमारती एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात आणि त्यांच्याभोवती मातीचे उंच बांध घालतात. एका ठिकाणी स्फोट झाला तरी तो शेजारी पोचू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून कारखान्याला अफाट जागा लागली आणि गावांच्या मधोमध एक वेगळा मुलूख तयार झाला.

कारखाना येण्यापूर्वी या भागाचे पोट दोन गोष्टींवर चालत असे. पहिली धानशेती. मृग लागला की पऱ्हे टाकायचे, मग रोवणी, शेवटी कापणी आणि चुरणा. एवढ्यावर वर्षाचा हिशेब. पाणी गावतलावांचे. यातले बरेच तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याची देणगी. मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या काळात त्यांची डागडुजी त्या मालगुजाराकडे असे. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या कागदी नावाचे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. देखभालीची जबाबदारी कागदावर सरकारची झाली, पण गाळ काढणारे हात कमी झाले.

दुसरी गोष्ट विडी. धानाचा हंगाम संपला की घरोघरी सूप मांडीवर येई. तेंदूपान भिजवायचे, कात्रीने साच्याबरहुकूम कापायचे, जर्दा भरून वळायचे आणि दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. ठेकेदार विड्या तपासे आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या ‘छाटी’चे पैसे मिळत नसत. ती छाट फेकून दिली जात नव्हती, हे वळणाऱ्या बाईला चांगले ठाऊक असे. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला तो 1966 मध्ये, आणि त्यांच्या दवाखान्या-घरांसाठी उपकराचा कायदा 1976 मध्ये.

अशा मुलखात महिन्याच्या महिन्याला पगार देणारा कारखाना आला. आतला आणि बाहेरचा फरक केवळ रकमेचा नव्हता. बाहेर उत्पन्न वर्षातून एकदा येई आणि तेही पावसाच्या मर्जीने. त्यामुळे बियाणे, लग्न, आजारपण यांसाठी सावकार ठरलेला. आत पगाराची तारीख ठरलेली असल्याने उधारीही महिन्यापुरतीच. भविष्य निर्वाह निधी, ओव्हरटाइम, पीसवर्कचा नफा, निवृत्तीनंतर पेन्शन आणि कर्मचारी गेल्यावर त्याच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन, हे सगळे नियमांच्या पुस्तकात लिहिलेले. क्वार्टरला नळ आणि वीज, आजारपणाला निर्माणीचे रुग्णालय, मुलांना केंद्रीय विद्यालय. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आल्याने वसाहतीत हिंदीही मराठीइतकीच कानावर पडे. क्वार्टरचा ‘टाइप’ पगाराच्या श्रेणीवर ठरत असल्याने कोण कोणत्या पायरीवर आहे, हे घराच्या पत्त्यावरूनच कळे. गावात जातीची वस्ती, कॉलनीत श्रेणीची. उतरंड दोन्हीकडे होतीच, पण कॉलनीतली बढतीने बदलता येत होती.

नोकरदाराच्या घरातून पाहिले तर तुलनेचे पारडे एकदम झुकते, आणि अशी तुलना घर-दवाखान्यावरच थांबली तर फसवी ठरते. आफ्रिकेतील तांब्याच्या पट्ट्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. एकाच खनिजपट्ट्याच्या दोन बाजूंना बेल्जियन काँगोतील कटांगा आणि ब्रिटिशांचे उत्तर ऱ्होडेशिया, म्हणजे आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि झांबिया. कटांगात युनियन मिनिएर कंपनीने 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून खाणकामगारांना बायकामुलांसह वसवले आणि त्यांना घरे, शिधा, दवाखाने व शाळा दिल्या. ऱ्होडेशियात बराच काळ मजूर ठरावीक मुदतीने येई आणि परत गावी धाडला जाई. म्हातारपणाचा भार गावावर. राहणीमानात कटांगा उजवे. मात्र ऱ्होडेशियातील खाणकामगारांनी 1935 आणि 1940 मध्ये संप केले, गोळ्या झेलल्या आणि 1949 मध्ये स्वतःची युनियन उभी केली. कटांगातील चांगल्या घरांबरोबर कंपनीची करडी नजरही येत होती. 1941 मध्ये तिथल्याच एलिझाबेथव्हिल शहरात संपकऱ्यांवर गोळीबार झाला.

जवाहरनगरच्या कामगाराला घर आणि युनियन दोन्ही मिळाले. संरक्षण कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनांच्या शाखा आयुध कारखान्यांत पहिल्यापासून प्रबळ होत्या. क्वार्टर मात्र नोकरीपुरते. निवृत्तीनंतर ते सोडावेच लागते. म्हणून शहाणा कर्मचारी नोकरीत असतानाच बाहेर प्लॉट घेऊन ठेवतो.

या सुखसोयींची खरी किंमत आतल्या कामात आहे. स्फोटकांच्या कारखान्यात काडेपेटी, विडी, लायटर गेटवरच काढून ठेवावे लागते. म्हणजे शेजारच्या गावात वळलेली विडी या हद्दीत पाऊल टाकू शकत नाही. खिळे नसलेली पादत्राणे, सुती कपडे, ठिणगी न उडणाऱ्या धातूची हत्यारे, आणि एका खोलीत एका वेळी किती माणसे व किती माल असावा याची पाटी. इतके करूनही 24 जानेवारी 2025 रोजी येथे मोठा स्फोट होऊन इमारत कोसळली आणि किमान आठ कामगारांचा मृत्यू झाला. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. गावांतली माणसे घराबाहेर धावली. कित्येकांचे नातलग त्या वेळी पाळीवर होते.

आतली शाश्वतीही आता पूर्वीची राहिलेली नाही. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नागरी सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हे, तर वर्गणीवर आधारलेली नवी योजना लागू झाली. एकाच बाकावर काम करणाऱ्या दोघांचे म्हातारपण त्यामुळे वेगवेगळे झाले. 1979 मध्ये स्थापन झालेले आयुध निर्माणी मंडळ 1 ऑक्टोबर 2021 रोजी बरखास्त होऊन 41 कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. भंडाऱ्याचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. त्याआधी 2019 च्या ऑगस्टमध्ये देशभरातील आयुध कामगार संपावर गेले होते. 2021 मध्ये विरोध पुन्हा वाढू लागला, तेव्हा सरकारने संपाला मनाई करणारा अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आणला. जुने कर्मचारी केंद्र सरकारचेच राहून कंपनीत प्रतिनियुक्तीवर गणले गेले.

बाहेरची गावेही दरम्यान बदलली. गावात पक्की घरे आली, विडीचा धंदा आटला आणि नागपूरकडे कामाला जाणे सोपे झाले. धान अजूनही मुख्यतः पावसावर आणि तलावांवर आहे. मामा तलावांतला गाळ काढण्याच्या योजना अधूनमधून येतात. गावातला आयटीआय झालेला मुलगा निर्माणीच्या भरतीची जाहिरात अजूनही वाचतो, फक्त जागा कायम आहे की मुदतीच्या कराराची, हे तो आता आधी पाहतो.