गेमिंग कॉम्प्युटर घरी जोडताना: कोणता पार्ट कशाला बसतो

मुलांनी ईदी साठवून पार्ट आणले आणि रॅम बोर्डात बसेना, असं आम्ही पाहिलंय. सील फोडलेला माल दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून आधी प्रोसेसर ठरवा, मग त्याच्याच सॉकेटचा मदरबोर्ड. रायझन ५ ५६०० ला एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम लागते. ७६०० ला एएम५ आणि फक्त डीडीआर५. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीला सॉकेट एकच, एलजीए १७००. पण बोर्ड डीडीआर४ चाही मिळतो, डीडीआर५ चाही. खोक्यावर वाचूनच घ्या. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. आरटीएक्स ३०६० साठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय धरा, बिननावाचा तर नकोच. आणि कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं का, लांबी मोजून बघा.