समुद्रावरील गुन्हा आणि न्यायाचा अधिकार

भर समुद्रात गुन्हा घडला, तर खटला कोणत्या राष्ट्राने चालवावा? मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून मासेमारीस जाणाऱ्या आपल्या बांधवांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. म्हणून केरळच्या किनाऱ्याजवळील एका प्रकरणाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोन नौसैनिकांनी समुद्री चाचे समजून ‘सेंट अँटनी’ या मच्छीमार नौकेवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार मृत्युमुखी पडले.

घटनास्थळ किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर होते. राष्ट्राची पूर्ण सार्वभौम सत्ता १२ सागरी मैलांपर्यंत असते; २०० मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात मुख्यतः मासळी व अन्य सागरी संपत्तीवरील हक्क असतात. मृत भारतीय, नौका भारतीय, म्हणून खटला आमचा, अशी भारताची भूमिका होती. नौसैनिक सरकारी कर्तव्यावर होते, म्हणून त्यांचा न्याय आम्हीच करू, असे इटलीचे म्हणणे होते. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार केरळ राज्याचा नसून केंद्राचा असल्याचा निर्णय दिला. २०१५ मध्ये इटलीने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली.

लवादाने २१ मे २०२० रोजी निवाडा दिला. अधिकार दोन्ही राष्ट्रांना आहे. परंतु नौसैनिक हे शासकीय अधिकारी असल्याने भारतीय न्यायालये त्यांच्यावर खटला चालवू शकत नाहीत, असे तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले. भारताला नुकसानभरपाई मात्र देय ठरली.

परकीय लवादाचे बंधन भारतावर का? कारण त्याची तरतूद असलेला सागरी कायद्याचा करार भारताने १९९५ मध्ये स्वतः स्वीकारला होता. याउलट, नरसंहार व युद्धगुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालविणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम कराराच्या मतदानात भारत तटस्थ राहिला. तो आजही त्या न्यायालयाचा सदस्य नाही. येथे बंधनाचे मूळ राष्ट्राच्या संमतीतच आहे.

इटलीने दिलेल्या १० कोटी रुपयांपैकी प्रत्येक मृताच्या वारसांना ४ कोटी व नौकामालकास २ कोटी देण्याचे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२१ रोजी येथील खटला संपविला. २०२२ मध्ये रोममधील न्यायालयानेही प्रकरण बंद केले. भरपाई मिळाली, पण दोषी कोण, हे कोणत्याही न्यायालयात साक्षीपुराव्यानिशी ठरले नाही. सार्वभौमत्वाच्या वादात हा प्रश्न मागे पडू नये, असे आम्हांस वाटते.