व्हिलन मूळचा शेतकरी होता

परवा पोलिसांची प्रेसनोट आली : 'गावठी कट्टा जप्त'. वीस वर्षं मी हा शब्द असाच टाईप करतोय. पिस्तूल बेकायदा, म्हणून गावठी. हातभट्टीची दारू, तीही गावठी. परवा मात्र बोटं थांबली, कारण आदल्या रात्री इंग्रजीतल्या 'व्हिलन' या शब्दाची कुंडली वाचत बसलो होतो.

आपल्याला व्हिलन म्हटलं की निळूभाऊ आठवतात, नाहीतर अमरीश पुरी. पण मुळात लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतवाडी, आणि तिथं राबणारा तो व्हिलन. बस्स, एवढाच अर्थ! शब्द फ्रेंचमधून इंग्लंडात आला. १०८६ साली तिथल्या नॉर्मन राजानं गावोगावची मोजदाद करून घेतली, त्यात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के या वर्गातले होते.

पुढं कायद्यानं त्यांना जमिनीला बांधूनच टाकलं. मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. आठवड्यातले काही दिवस त्याच्या शेतात वेठ. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे मोजायचे. आणि घरचा कर्ता गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. म्हणजे घरात सुतक, आणि दारात बैल सोडून न्यायला कारभारी उभा. जमिनीवरून मालकाविरुद्ध राजाच्या कोर्टात दादही मागता येत नसे.

आता लिहिणारे कोण? दरबारातले, मठातले, वाड्यावरचे. त्यांच्या लेखी शेतकरी म्हणजे गावंढळ. गावंढळ म्हणजे हलका. हलका म्हणजे लबाड, आणि लबाड तो बदमाश. असा तो शब्द घसरत गेला. उलट 'जंटल' म्हणजे मूळचा चांगल्या घराण्यातला. तो बसल्या जागी सभ्य झाला!

१३८१ साली डोईपट्टीवरून शेतकरी उठले. त्यांनी ठिकठिकाणी वाड्यांवरची दप्तरं जाळली, कारण त्यांची वेठ आणि देणी त्यातच लिहिलेली. १४ वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड त्यांना सामोरा गेला, वेठबिगारीतून मुक्तीच्या सनदा दिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा पुढारी वॉट टायलर मारला गेला, आणि काही आठवड्यांत सनदाही रद्द. (आश्वासनांचं हे आपल्याला नवीन नाही.)

वेठ पुढं हळूहळू संपली, शिवी राहिली. शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट'मध्ये सुरुवातीलाच दोन भाऊ या शब्दावरून भांडतात. एक शिवी म्हणून वापरतो, दुसरा मुद्दाम जुना अर्थ धरून आपलं खानदान सांगतो. नाटकातला खलनायक हा अर्थ तर त्यानंतर बऱ्याच काळानं आला.

तर परवा मी 'गावठी' खोडून 'देशी बनावटीचा' केलं. तेही पटेना. शेवटी 'बेकायदा पिस्तूल' लिहून बातमी पाठवली. रात्री साडेदहाला डेस्कवरून फोन, ''अहो, प्रेसनोटमध्ये तर गावठी आहे. तुमचं राहून गेलं का?''