शिरका आणि मध

(नभोवाणीवरील भाषण)

थंडीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघर काढ्याची तयारी सुरू होते. आलें, मिरें, तुळस, गवती चहा हे जिन्नस प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचे आहेत. परंतु अलीकडे शहरांतील कांहीं सुशिक्षित कुटुंबांत एक निराळेंच औषध दिसूं लागलें आहे. आलें, लसूण, कांदा, हळद व मिरची हे पदार्थ सफरचंदाच्या शिरक्यांत कांहीं आठवडे मुरवावयाचे, मग तो शिरका गाळून त्यांत मध घालावयाचा, आणि चमचाभर पाण्यांतून घ्यावयाचा, असा त्याचा विधि आहे. यास ‘फायर सायडर’ म्हणतात. हें नांव अमेरिकेंतून आलें असल्यामुळें वस्तुही तिकडचीच व नवी असावी, असा पुष्कळांचा समज होतो. तो कितपत खरा आहे, आणि अशा घरगुती औषधावर कोणाची मालकी चालूं शकते काय, या दोन प्रश्नांचा विचार आज आपल्यासमोर मांडावयाचा आहे.

ग्रीस देशांतील कॉस बेटावर ख्रिस्तपूर्व ४६० च्या सुमारास जन्मलेला हिपोक्रेटीस हा पाश्चात्य वैद्यकाचा आद्य आचार्य मानला जातो. त्याच्या नांवावर असलेल्या ग्रंथसंग्रहांत तीव्र रोगांतील पथ्यापथ्याविषयीं एक ग्रंथ आहे. ग्रीक भाषेंत शिरक्याला ‘ओक्सोस’ व मधाला ‘मेली’ म्हणतात. त्यांवरून या दोहोंच्या मिश्रणाला ‘ओक्सिमेली’ हें नांव पडलें. छातींत दाटलेला कफ सुटावा व श्वास मोकळा व्हावा, यासाठीं तें द्यावें, असें हा ग्रंथ सांगतो. परंतु ग्रंथकार एवढ्यावरच थांबत नाहीं. मिश्रण फार आंबट असून त्यानें कफ सुटला नाहीं, तर तो अधिकच चिकट होऊन अपाय करतो; तें थोडें थोडें घ्यावें; अधिक घेतल्यास आंतड्यांस इजा होते; हेंही त्यानें तितक्याच काळजीनें नमूद केलें आहे. पुढें दुसऱ्या शतकांत गॅलन या वैद्यानें प्रमाणाचा निर्णय बराचसा घेणाऱ्याच्या जिभेवर सोपविला. ज्याला जें रुचेल तेंच त्याला अधिक मानवेल, असें त्याचें मत होतें.

ग्रीकांची ही वैद्यविद्या पुढें अरबी भाषेंत उतरली व इराणांत रुजली. फारसींत मधाला ‘अंगबीन’ म्हणतात. शिरक्याचा ‘सिर्का’ तर आपल्या ओळखीचाच आहे, कारण आपला शब्द त्यावरूनच आला. या दोन शब्दांच्या जोडणीला अरबी वळण मिळून ‘सिकंजबीन’ हें नांव रूढ झालें. इ. स. ९८० ते १०३७ या काळांत होऊन गेलेला थोर वैद्य इब्न सीना यानें सिकंजबीनावर एक स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्याचें लॅटिन भाषांतर १५४७ सालीं व्हेनिस येथें छापलें गेलें. म्हणजे ग्रीसमधून पूर्वेस गेलेली विद्या नवें नांव धारण करून पुन्हा युरोपास परत गेली. तीच हकिमांबरोबर हिंदुस्थानांतही आली. युनानी औषधांत बियांपासून केलेली ‘सिकंजबीन बझूरी’ आजही आहे. कालांतरानें शिरक्याच्या जागीं लिंबाचा रस व मधाच्या जागीं साखर आली. उत्तर भारतांत उन्हाळ्यांत पितात त्या ‘शिकंजी’चें नांव सिकंजबीनावरूनच आलेलें आहे.

आयुर्वेदासही आंबट, गोड व तिखट यांचा हा संयोग अपरिचित नव्हता. लिंबाचा रस, मध व पिंपळी एकत्र करून तें भांडें धान्याच्या राशींत मुरत ठेवावयाचें, अशी ‘मधुशुक्ता’ची कृति आपल्या वैद्यकग्रंथांत आहे. तें कर्णरोगावरील तेलांत वापरीत. तेवढ्यावरून हें व तें एकाच कुळांतील आहे असें मात्र समजूं नये. दोन परंपरांत एक महत्त्वाचा भेदही आहे. ग्रीक वैद्य मध शिरक्याबरोबर उकळीत. आयुर्वेदानें मध तापविणें निषिद्ध मानलें आहे.

इंग्रजी अमदानींत हेंच औषध तिसऱ्या वाटेनें आपल्याकडे आलें. ब्रिटिश फार्माकोपिआ या अधिकृत औषधग्रंथांत ‘ऑक्सिमेल’ होतें. भूमध्य समुद्राच्या कांठीं उगवणाऱ्या स्क्विल नांवाच्या रानटी कांद्याचें ऑक्सिमेल खोकल्यावर देत असत. १९०० सालीं त्या ग्रंथास हिंदुस्थान व वसाहतींसाठीं पुरवणी जोडण्यांत आली. तींत स्क्विलऐवजीं आपल्याकडील रानकांदा घेऊन केलेल्या ऑक्सिमेलाचा समावेश झाला. कोंकणच्या किनाऱ्यावर कोळकांदा म्हणून ओळखतात तोच हा. ग्रीक कल्पना, इंग्रजी ग्रंथ आणि कोंकणांतील कंद यांची अशी गांठ पडली. रानकांद्यांत हृदयावर परिणाम करणारीं विषारी द्रव्यें असतात. म्हणून त्याचा प्रयोग घरीं मुळींच करूं नये.

आतां अमेरिकेकडे वळूं. व्हरमाँट राज्यांतील डी. सी. जार्व्हिस या डॉक्टरांनीं १९५८ सालीं लोकवैद्यकावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यांत मध आणि सफरचंदाचा शिरका यांची मोठी प्रशंसा केली. पुस्तक अतोनात खपलें. त्यांतील मोठमोठ्या विधानांना मात्र शास्त्रीय पुरावा लाभला नाहीं. पुढें १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं, कॅलिफोर्नियांत वनौषधि शिकविणाऱ्या रोझमेरी ग्लॅडस्टार यांनीं या जुन्या जोडींत तिखट पदार्थ मुरवून त्या पेयास ‘फायर सायडर’ हें नांव दिलें. कृति त्यांनीं विद्यार्थ्यांना मोकळ्या मनानें शिकविली व छापूनही दिली.

ती कृति फार सोपी आहे. कांचेची स्वच्छ व कोरडी बरणी घ्यावी. कांदा अर्धी वाटी, आलें व लसूण प्रत्येकीं पाव वाटी, ओल्या हळदीचा एक तुकडा व एकदोन मिरच्या, हें सर्व बारीक चिरून तींत घालावें. मूळ कृतींत हॉर्सरॅडिश नांवाचें, मोहरीच्या कुळांतील एक झणझणीत मूळही असतें. तें न मिळाल्यास वगळलें तरी चालतें. वर जिन्नस पूर्ण बुडतील इतका सफरचंदाचा शिरका ओतावा. त्यांत आम्लाचें प्रमाण शेंकडा ५ असावें व पाणी मिसळूं नये, कारण नासण्यापासून रक्षण करणारें हें आम्लच होय. धातूचें झांकण शिरक्यानें खराब होतें, म्हणून मध्यें कागद घालावा. बरणी तीनचार आठवडे अंधारांत ठेवून रोज हलवावी. नंतर गाळून, रुचेल तितका मध न तापवितां घालावा. एक चमचा कपभर पाण्यांत घेणें पुरे. नुसता शिरका दातांच्या लुकणास झिजवितो. एक वर्षाखालील मुलांस मध कोणत्याही स्वरूपांत देऊं नये. ज्यांना आम्लपित्त किंवा पोटांतील व्रण आहे, अथवा ज्यांचीं नित्याचीं औषधें चालू आहेत, त्यांनीं डॉक्टरांस विचारावें. खोकल्यावर मधाचा कांहीं उपयोग होतो, असा निष्कर्ष २०२० सालीं ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं पूर्वीचे प्रयोग तपासून काढला. त्यापलीकडे या पेयाकडून चमत्काराची अपेक्षा धरूं नये.

२०१२ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांतील एका कंपनीनें ‘फायर सायडर’ हें नांव आपलें व्यापारचिन्ह म्हणून नोंदविलें. वर्षानुवर्षें याच नांवानें हें पेय करून विकणारे लहान व्यावसायिक त्यामुळें एकाएकीं अपराधी ठरूं लागले. तिघां स्त्रियांवर दावाही झाला. त्यांनीं माघार न घेतां तो लढविला. आणि २०१९ सालीं न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हें एका प्रकारच्या पेयाचें सर्वसामान्य नांव असून तें कोणा एकाचें होऊं शकत नाहीं.

याच बरणींतील हळदीवरही असाच प्रसंग आला होता. जखम भरून आणण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राच्या वांट्यास गेलें. कापल्याबरोबर हळद दाबणारी आपली प्रत्येक आजी त्या हिशेबानें परक्याची विद्या वापरीत होती! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली. आजीची साक्ष तेथें उपयोगी नव्हती. जुने छापील लेख व ग्रंथ पुढें ठेवावे लागले. त्यांच्या बळावर १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाची सूचि संगणकावर उतरविण्याचें मोठें काम भारतानें हातीं घेतलें.

या दोन्ही प्रसंगांपासून घेण्यासारखा बोध एकच आहे. सर्वांच्या मालकीची वस्तु सर्वांची राहावी, असें वाटत असेल, तर ती लिहिलेली असावी लागते. आपल्या घरांतील काढे, लेप, चाटणें व लोणचीं अद्याप बहुतांशीं वृद्ध स्त्रियांच्या स्मरणांतच आहेत. त्यांस विचारून, वाटीचमचाच्या मापासह, गांवाचें नांव व तारीख घालून तीं एका वहींत उतरून ठेवावीं. आणि उतरतांना कॉस बेटावरील त्या ग्रंथकाराची शिस्त पाळावी: औषधाचा गुण जसा लिहावा, तसा तें कोणास व केव्हां बाधतें हेंही त्याखालीं लिहावें. एवढें आपण करूं शकलों, तर पुढच्या पिढीला साक्षीसाठीं दूर जावें लागणार नाहीं.