रस्ता करणारा परमवीर

शौर्यपदक म्हटले की शाळेत आपल्या डोळ्यांपुढे शत्रूवर तुटून पडणारा जवान यायचा. कारवारच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे परमवीरचक्र मला म्हणूनच वेगळे वाटते. ते मिळाले रस्ता मोकळा करण्यासाठी. एप्रिल १९४८मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या झाडांनी अडली होती. राणे बॉम्बे सॅपर्सचे. ८ तारखेलाच जखमी झाले, तरी मागे फिरले नाहीत. गोळीबारात रणगाड्याखालून सरपटत, चालकाला दोरीने ‘थांब’, ‘चल’ अशा खुणा करत ते पुढे सरकले. आणि हे दिवसामागून दिवस! १२ तारखेला राजौरी हाती आली. त्या युद्धातल्या पाच परमवीरांपैकी तिघे मरणोत्तर. राणे मात्र हयात होते.